मधल्या स्टेशनावरचा चेहरा

लोकलच्या महिला डब्यावरचं चित्र आठवून पाहा. डोक्यावरून पदर घेतलेली बाई. तिला नाक-डोळे असले काय आणि नसले काय, पदराच्या एका रेषेवर सगळं भागतं. पश्चिम रेल्वेनं मध्यंतरी तिचा पदर काढून तिला नोकरदार करून टाकलं, पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती पदरवालीच. आमच्या ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो थांबते, तीही थांबल्यासारखं करते. तेवढ्या वेळात कुणी कुठल्या डब्यात घुसायचं याचा निकाल लागलेला असतो. त्यासाठी आजवर कुणाच्या जबड्याची रुंदी मोजावी लागलेली नाही.

अडचण यायची ती फक्त पोरांची. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबरोबर महिला डब्यात चालतं. पण जन्माचा दाखला कोण मागतं? दारातल्या बायका त्याच्या वरच्या ओठाकडे बघतात. तिथे लव दिसली की, ‘काय रे, कितवीला?’ हा प्रश्न आलाच. या परीक्षेत एकदा नापास झालेला मुलगा पुन्हा त्या डब्यात चढत नाही. आईचा हात सोडून शेजारच्या डब्यात लोंबकळायला जातो आणि त्याला वाटतं आपण मोठे झालो.

हे सगळं सांगायचं कारण माझी भाची. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिनं प्रोजेक्टला विषय घेतलाय, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘मामा, नुसतं ओळखायचं नाहीये, फरक मोजायचाय,’ असं तिनं मला बजावलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे तोंड धरलं की पडद्यावर चौकट येते आणि चौकटीखाली निकाल, टक्क्यांसह.

आमच्या बिल्डिंगमध्ये फुकट काही मोजून मिळतंय म्हटल्यावर रांग लागली. सोसायटीच्या चेअरमनना यंत्रानं अठ्ठ्याण्णव टक्के पुरुष ठरवलं. उरलेले दोन टक्के कुठे गेले, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मेंटेनन्सच्या हिशेबातही ते असंच विचारतात. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बॉबकट ठेवतात आणि दागिना घालत नाहीत. त्यांना पुरुष हे उत्तर मिळालं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पस्तीस वर्षं नववीचा वर्ग सांभाळलाय, काहीतरी चेहऱ्यावर उतरणारच.’ माझं पौरुष मात्र बहुतेक मिशीत साठवलेलं निघालं. मिशीवर आडवा हात धरला की आकडा असा घसरायचा की आमच्या हिनं तो हात काढूच दिला नाही.

या खेळाचा इतिहास भाचीनंच मला सांगितला. १९९० साली अमेरिकेत गोलोम्ब, लॉरेन्स आणि सेज्नोव्स्की या तिघांनी संगणकाचं असं एक सुरुवातीचं जाळं (न्यूरल नेटवर्क) विणलं होतं. पंचेचाळीस पुरुष, पंचेचाळीस स्त्रिया. दाढीमिशी नको, दागिने नकोत आणि कपड्यांवरून कळू नये म्हणून प्रत्येकाच्या गळ्याभोवती पांढरी चादर. म्हणजे आमच्या नव्वद फुटी रस्त्यावरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसल्यावर माणूस जसा दिसतो तसा. फोटो लहान करून करून तीस बाय तीस ठिपक्यांवर आणले. एवढ्या धुक्यातून यंत्र शंभरात सुमारे आठ वेळा चुकलं आणि तेच फोटो पाहणारी माणसं अकरा-बारा वेळा. तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये व्हिकी ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस झाकायला सगळ्यांना पोहण्याच्या टोप्या घातल्या, पुरुषांची दाढी केली आणि चांगले स्पष्ट फोटो दाखवले. तेव्हा माणसांनी शंभरात शहाण्णव चेहरे बरोबर ओळखले. मात्र कशावरून ओळखलं हे त्यांना धड सांगता येईना, म्हणून मग संशोधक पट्टी घेऊन बसले. भुवई आणि डोळा यांच्यातलं अंतर, नाकाचा उठाव, हनुवटी, जबडा. एकट्यादुकट्या मापानं भागत नव्हतं. अनेक मापं एकत्र केली तेव्हा कुठे पट्टी माणसाच्या नजरेजवळ पोचली.

मापं घेतली की सरासरी निघते, आणि खरी गंमत तिथे आहे. पुरुषांची सरासरी एकीकडे, स्त्रियांची दुसरीकडे. ही डोंबिवली आणि हे कल्याण म्हणा. पण मधे ठाकुर्ली आहे ना! तिथे माणसं राहतात, भाजी घेतात, कर भरतात. बाहेरगावच्या पाहुण्याला पत्ता सांगताना आम्हीसुद्धा ‘डोंबिवलीच्या पुढचं’ किंवा ‘कल्याणच्या अलीकडचं’ म्हणून मोकळे होतो आणि पाहुणा दोहोंपैकी एका स्टेशनात उतरून आम्हाला फोन करतो. भाचीच्या यंत्राचं तेच आहे. त्याला दोनच स्टेशनं ठाऊक. मधला चेहरा आला की ते कुठेतरी उतरतं आणि ‘एकाहत्तर टक्के’ असं ठासून सांगतं.

बरं, हे यंत्र पट्टी लावतं असंही नाही. त्याला हजारो फोटो दाखवायचे, हा पुरुष, ही स्त्री, आणि म्हणायचं, शोध बाबा फरक. ते जो फरक सापडेल तो उचलतं. हाडातला असो नाहीतर हळदीकुंकवातला. मध्यंतरी काही संशोधकांनी असं दाखवलं होतं की डोळ्याच्या बुबुळावरून स्त्री-पुरुष ओळखता येतात. बुबुळावरून! २०१७ साली नोत्र दाम विद्यापीठातल्या मंडळींनी नीट तपासलं, तर त्या हुशारीतला मोठा वाटा पापण्यांना लावलेल्या मस्काऱ्याचा निघाला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘काजळ दिसलं म्हणायचं, त्याला बुबुळ कशाला?’

काजळाचं प्रकरण तसं साधं नाही. रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञानं २००९ साली एक गमतीदार जोडचित्र केलं. चेहरा एकच, धड बाईचा ना पुरुषाचा. डोळे आणि ओठ तसेच ठेवून एका चित्रात कातडी थोडी उजळ केली, दुसऱ्यात थोडी गडद. उजळ चेहरा बघणाऱ्याला बाईचा वाटतो, गडद पुरुषाचा. कारण बायकांच्या चेहऱ्यात डोळे-ओठ आणि भोवतालची कातडी यांच्यातला गडद-उजळ फरक सरासरीनं जरा जास्त असतो. काजळ आणि लिपस्टिक तोच आणखी वाढवतात.

आता हे वाचून मराठी माणसाला बालगंधर्व आठवले नाहीत तर नवल. नारायण श्रीपाद राजहंस. १९११ सालच्या ‘मानापमाना’तली भामिनी, १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, मग ‘एकच प्याला’तली सिंधू. त्यांनी नेसलं तसं लुगडं घराघरांत नेसलं गेलं, त्यांच्यासारखे दागिने घडवले गेले. म्हणजे बाई कशी दिसते हे बायकांनी एका पुरुषाकडे बघून ठरवलं. भाचीच्या भाषेत सांगायचं तर शिकवणीचा नमुनाच उलटा. आणि थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक होतं की हे नारायणराव आहेत. फसवणूक म्हणावी तर फसलं कुणीच नव्हतं. यंत्राला उत्तर हवं असतं. त्या प्रेक्षकांना उत्तर आधीच ठाऊक होतं, आणि तरी ते पहाटेपर्यंत बसत.

सिनेमात तर याहून वरताण. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेला पडले. त्यांचे हात नाजूक होते म्हणतात. चार वर्षांनी ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. एकच जबडा, एकच हनुवटी, भुवईपासून डोळ्यापर्यंतचं अंतर तेच. लोकांनी रामाला रामासारखा नमस्कार केला आणि सीतेला सीतेसारखा. सीतेचे दंड अंमळ भरदार आहेत हे कुणाच्या लक्षात आलंही असेल, पण अशोकवनातल्या बाईला असं बोलतात का? ‘अशी ही बनवाबनवी’बद्दल मी काही लिहीत नाही. सचिनची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्ड्यांची पार्वती यांपैकी यंत्र कुणाला पास करील यावर आमच्या जिन्यात अजून वाद चालू आहे.

ओळख चुकण्याची किंमत कधी कधी जबर असते, हेही खरं. महाभारतातल्या विराटाच्या नर्तनशाळेत अंधार होता आणि सैरंध्री समजून कीचक ज्याच्याजवळ गेला तो भीम होता. उजेड कमी असला की चुका वाढतात, असं भाचीच्या अहवालातही एक वाक्य आहे. मी तिला तळटीप सुचवली, तिनं घेतली नाही. त्याच विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा होऊन राहिला, तेव्हा त्यानं काळजी घेतली ती चेहऱ्याची नव्हे, हातांची. धनुष्याच्या दोरीचे घट्टे बांगड्यांखाली झाकले. पुढे तो रणात आला तेव्हा कौरवांनी डोकं, मान, बाहू आणि चाल यांवरून तर्क बांधला. वेणी आणि वेष दिसत असूनही.

चेहरे मोजण्याचा धंदा मात्र नेहमी इतका गोड नव्हता. इंग्रज अधिकारी रिस्ले नाकांची मापं घेऊन जातींच्या उतरंडी रचत होता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२७च्या सुमारास बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकाला, ऑयगेन फिशरला, कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून युरोपियनांचं श्रेष्ठत्व सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही निघत नाही असं लिहून दिलं. नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या माणसांच्या शरीरमापांवर पुस्तक केलं, ते १९५१ साली निघालं. मोजणी मन लावून करायची आणि मोजणीच्या तोंडून आपल्याला हवं ते वदवून घ्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. मला तो कुठल्याही प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर छापावासा वाटतो.

कारण नव्या मोजणीतही जुनी खोड आहेच. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी मोठ्या कंपन्यांची चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी यंत्रं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे तिघींमधली एक पुरुष! सकाळच्या गर्दीच्या लोकलचा महिला डबा या हिशेबानं डोळ्यांपुढे आणा. पुढे २०२० साली गूगलनं आपल्या चित्रं वाचणाऱ्या सेवेतून पुरुष-स्त्री हे शिक्केच काढले आणि नुसतं ‘व्यक्ती’ म्हणायला सुरुवात केली. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टनंही चेहऱ्यावरून लिंग सांगणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजीच सांगितलं होतं की आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं, स्त्री, पुरुष की तृतीयपंथी. गाडीत तृतीयपंथी प्रवासी चढते तेव्हा महिला डब्यातल्या बायका थोडं सरकून तिघींच्या बाकावर चौथी सीट करतात. टक्केवारी कुणी विचारत नाही. चौथ्या सीटवर कोण किती टेकलंय यावर भांडण होतं, ते वेगळं.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मामा, तुझं बरोबर आहे, पण गाइड मॅडमना अचूकतेचा आकडा हवाय.’ तेही खरंच आहे. विद्यापीठ आकड्यावर गुण देतं.

परवा ती यंत्राला जुने फोटो दाखवत होती. आईनं हट्ट धरला म्हणून बालगंधर्वांचा एक शालू-नथीतला फोटो घातला. यंत्रानं क्षणाचाही विचार न करता स्त्री म्हणून सांगितलं, आणि तेही चेअरमनपेक्षा जास्त खात्रीनं. मग १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ सिनेमातला घातला, त्यात ते संत एकनाथ आहेत. पुरुष. भाची वैतागली. फोटोंच्या यादीत प्रत्येकापुढे खरं उत्तर लिहून ठेवावं लागतं, त्याच्याशी ताडून अचूकता निघते.

‘आजी, पहिल्या फोटोपुढे काय लिहू? यंत्र चुकलं म्हणू की बरोबर म्हणू?’

आई शेंगा सोलत होती. ‘बालगंधर्व लिही.’

‘अगं, दोनच रकाने आहेत. पुरुष नाहीतर स्त्री.’

‘मग तिसरा कर. तेवढं येत नाही होय तुला? चार वर्षं फी भरली आम्ही.’

भाचीनं खुर्ची पुढे ओढली आणि रकाने मोजायला लागली.