दफ्तरातून फाईल काढण्याची शास्त्रोक्त रीत

ज्या सद्गृहस्थास गिटहबवरील एखाद्या रेपोतून फाईल हुडकून काढावयाची असेल, त्याने प्रथम फोल्डर उघडण्याचा मोह आवरावा; कारण एक फोल्डर उघडले की त्यातले दुसरे उघडावेसे वाटते, आणि ओसरी, माजघर, कोठी असे करीत मनुष्य अशा एखाद्या अंधाऱ्या कोनाड्यात जाऊन पोहोचतो की जेथे आपण काय न्यावयास आलो होतो याचेच त्यास विस्मरण होते.

अभ्यासासाठी लिनक्स कर्नलचे दफ्तर घ्यावे. खुद्द गिटची निर्मितीच लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ साली या दफ्तराच्या बंदोबस्तासाठी केली, आणि आज त्यात सत्तर हजारांहून अधिक फायली सुखाने नांदत आहेत. पैकी ‘मेकफाईल’ या एकाच नावाच्या हजारांवर भरतील, आणि ‘कोअर.सी’ नावाच्या इतक्या की गोकुळाष्टमीला जन्मलेल्या मुलांची नावेही इतकी सारखी नसतील.

आता मुख्य विधी. रेपोच्या पानावर असताना कळफलकावरील ‘टी’ हे अक्षर एकदाच, शांत चित्ताने दाबावे. तत्काळ शोधाची चौकट हजर होते. तीत नावातील अक्षरे क्रमाने लिहावीत. ती सलग असण्याची अट नाही, मधली गाळली तरी चालतात, ही सवलत कोणत्याही शिरस्तेदाराने आजवर दिलेली माझ्या ऐकिवात नाही. शेड्यूलरची मुख्य फाईल हवी असता नुसते ‘कोअर’ लिहिणाऱ्यास साऱ्या ड्रायव्हरांचे कोअर भेटावयास येतात. त्यापूर्वी ‘शेड’ हे तिच्या फोल्डरचे नाव जोडले, की ‘कर्नल’ फोल्डरातील ती फाईल मुकाट्याने वरच्या ओळीत येऊन उभी राहते. फाईल मिळताच ‘वाय’ दाबावे, म्हणजे पत्ता त्या विशिष्ट कमिटाशी जखडला जातो आणि सहकाऱ्यास धाडलेला दुवा पुढल्या महिन्यात भलतीच ओळ दाखवीत नाही. ही चौकट केवळ नावे जाणते. फायलीच्या पोटातले शोधावयाचे असल्यास ‘गिट ग्रेप’ या निराळ्या कारकुनाकडे अर्ज करावा.

विधीस एक पथ्य आहे, व ते मी स्वानुभवाने सांगतो. एके दिवशी मराठीत टिपण लिहून झाल्यावर मी रेपोत आलो आणि ‘टी’ दाबला. काही घडले नाही. अधिक जोराने दाबला. पान नव्याने उघडले, ब्राउझर बदलला, इंटरनेट पुरविणाऱ्यांच्या कुळाचा उद्धार केला, आणि अखेरीस पराभूत होऊन फोल्डरांच्या पायऱ्या एकेक करीत उतरलो. संध्याकाळी टिपणाकडे परतल्यावर उलगडा झाला: कळफलक मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीवरच राहिला होता, आणि त्यात ‘टी’च्या जागी दीर्घ उकार असतो. म्हणजे सबंध दुपारभर मी त्या थोर दफ्तराच्या दारात उभा राहून, एकही व्यंजन न देता, नुसता दीर्घ उकारामागून उकार देत होतो.