‘चालतंय की’ म्हणणाऱ्या कलरवाल्या शेठला

प्रति,
कलरवाले शेठ, नांदेड.

विषय : आपण दिलेला ‘हीटवाला सिल्व्हर’ आणि आमचं तडकलेलं मॅनिफोल्ड.



दसऱ्याच्या चार दिवस आधी मी आपल्या दुकानी आलो होतो. आठवत नसेल, डिस्टेंपरवाल्यांची झुंबड होती. वडिलांच्या हातचा ट्रॅक्टर, 1986चा बी-275, खंडेनवमीच्या पूजेसाठी नटवणं चाललं होतं. महिंद्राने 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी सोयरीक केली, त्या घराण्यातलं हे जुनं हाड. बॉनेट, मडगार्ड, चाकं रंगवून झाली. राहिलं मॅनिफोल्ड, इंजिनातला धूर गोळा करून धुराड्याकडे नेणारं. मी विचारलं, “याला मारायला गरमीत टिकणारा कलर आहे का?” आपण डबा काउंटरवर आपटलात आणि म्हणालात, “हीटवाला सिल्व्हर. चालतंय की मालक!”

त्या ‘चालतंय की’बद्दल जाहीर आभार मानावेत म्हणून हे पत्र.

शेठ, आपण नांदेडचे. मे महिन्यात 43 अंशाचं ऊन वेगळं आणि 45चं वेगळं, हे आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगतं. दोन अंशांसाठी आपण दुपारी शटर ओढता. पण डब्यातल्या उष्णतेला मात्र आपल्याकडे एकच नाव, ‘हीट’. किती हीट? विचारणारा मूर्ख! उष्णतारोधक अल्युमिनियम रंगाचे भारतीय मानकात तीन दर्जे आहेत: 200 अंश, 400 अंश, 600 अंश. पाण्याच्या गरम पाइपाला पहिला चालतो. भरल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला तो कसा चालणार? चाललाच शेठ. चाळीस मिनिटं चालला.

आणि आपली कला अशी की पूजेच्या दिवशी काहीसुद्धा झालं नाही. अंगणात ट्रॅक्टर नुसता सुरू ठेवला की मॅनिफोल्ड तसं थंडच असतं, 200च्या आत. झेंडूच्या माळेखाली ते चांदीच्या ताटासारखं चमकत होतं. भावकीतल्या लोकांनी फोटो काढले. एकाने दुकानाचं नाव विचारलं आणि मी सांगितलं, तेही कौतुकाने.

तिसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती भरून लोह्याहून नांदेडच्या नव्या मोंढ्याकडे निघालो. इंजिनावर ओझं आलं की आतला धूर 500 अंशांच्या आसपास जातो आणि मॅनिफोल्ड त्याच्या मागोमाग तापतं. सोनखेड ओलांडल्यावर चढाला आधी वास आला, टायर जाळल्यासारखा. मग सिल्व्हरला पुरीसारखे फुगे धरले. मग त्या फुग्यांतून असा धूर, की मागून येणारा जीपवाला ओरडला, “उतरा, पेट घेतला!” मी उतरलो. टपरीवाला धावत आला आणि पुण्यकर्म म्हणून कपबशा विसळायची अख्खी बादली त्या तापल्या मॅनिफोल्डवर ओतली.

टण्ण.

मॅनिफोल्ड बिडाचं असतं. बीड म्हणजे कास्टिंग, जिल्हा नव्हे. पण दोघांनाही एकदम गार पाणी सोसत नाही. बोटभर लांब चीर गेली. रंगाने पेट घेतलाच नव्हता हो, नुसतं तेल जळत होतं. साध्या रंगाला जे तेल नि राळ बांधून ठेवतात ते एवढ्या उष्णतेत करपतात, आणि अल्युमिनियमची पूड उघडी पडून पापुद्रे सुटतात. मोठ्या दर्जाच्या रंगात सिलिकॉनची राळ असते. ती तापून पक्की होते. हे मला कोणी सांगितलं? विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या दोन पोरांनी, मोटारसायकल थांबवून, फुकट. आपण पंचवीस वर्षं त्याच मालाचे पैसे घेताय!

सौदा हुकला. रात्र मी मोंढ्याच्या बाहेर ट्रॉलीखाली काढली, ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून आणलेला. डास मोजत होतो आणि मोबाइलच्या उजेडात आपला डबा वाचत होतो. तळाशी, भाव आणि बॅच नंबरच्या मध्ये, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘200’. लिहिलं होतं शेठ! कंपनीने लिहिलं होतं, तुम्हाला वाचता येतं, तुम्ही फक्त तोंडाने म्हणायचं होतं. एक आकडा! त्याला पैसे पडत नाहीत, जीएसटी लागत नाही. तो आकडा न सांगता ‘चालतंय की’ म्हणायला जीभ कशी रेटते?

वरून आपण रेड ऑक्साइड घ्यायला लावलात, “खाली प्रायमर पाहिजेच.” तोही तिथे जळतोच. आणि “दोन हात जाड मारा.” हा रंग पातळच मारायचा असतो, उघड्या, तेलमुक्त लोखंडावर, वायर ब्रश आणि थिनर फिरवून. जाड थर हमखास फुगतो. मग इंजिन दहा मिनिटं नुसतं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा अर्धा तास, आणि नंतरच ओझं. तोवर तो नखानेसुद्धा निघतो.

चीर लातूरला एका वेल्डरकडे सांधली. त्याने आधी मॅनिफोल्ड भट्टीत तापवलं, निकेलच्या रॉडने टाके घातले आणि रात्रभर राखेत पुरून ठेवलं. मी घाई केली तर म्हणाला, “मालक, बिडाला तापवायचं हळू आन् निववायचं त्याहून हळू. कशाला गडबड करायलाव?” त्या माणसाला किती अंश विचारलं की अंगाराचा रंग दाखवून सांगतो. आपल्याकडे तर छापील आकडा होता.

आता, वर मी एक गोष्ट गाळली आहे. गावात हे पत्र वाचलं जाईल तेव्हा कोणीतरी ती सांगणारच, म्हणून मीच सांगतो. तो सिल्व्हर काउंटरवर आपटण्याआधी आपण स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा धुळकट डबा उतरवला होता. “हा 600चा,” म्हणालात, आणि भाव सांगितलात. मी म्हणालो, “त्याच्यापेक्षा हलका काही नाही का?” तेव्हा आपण माझ्याकडे एक क्षण पाहिलंत. ती नजर मी त्या रात्री डासांमध्ये बसून पुन्हा पुन्हा पाहिली. पंचवीस वर्षं ‘हलका काही’ हेच ऐकणारा माणूस ‘चालतंय की’शिवाय काय म्हणणार? तो 600चा डबा फळीवर घट्ट होऊन मेला तर नुकसान आपलंच. आणि ज्या वर्षी सोयाबीन पावसात काळं पडलं, त्या वर्षी पोरीच्या लग्नात घराला मारलेला रंग आपल्याच वहीतून आला. त्यातले 740 रुपये अजून माझ्याच नावावर आहेत.

तरीही आकडा सांगायला हवा होता. भाव सांगितलात तसाच अंशही. मी हलका मागितला, आपण हलका दिलात, पण तो कितीने हलका हे मला कळलं असतं तर निदान मूर्खपणा माझा एकट्याचा राहिला असता.

सोबत पुतण्याच्या हाती 740 रुपये पाठवले आहेत, वहीतलं नाव खोडा. तो 600चा डबा अजून हलवला की खळखळत असेल तर त्याच्याजवळ द्या, आणि वाळला असेल तर दुसरा मागवा. या वेळी भावात घासाघीस करणार नाही.

आपला,
बी-275वाला, तालुका लोहा