रनिंग रेसला एक नाव

"वैशाली, ए वैशाली! ते अळू राहू दे, इकडं ये जरा. समोरच्या माडीवर आफ्रिकेची पोरगी राहायला आलीय, बघितलीस काय?"

"आफ्रिकेची कुठली काकू, हल्याळची आहे ती."

"काहीतरीच! ते केस, तो रंग... काल मी 'व्हेअर फ्रॉम' म्हणून विचारलं, तर हसली नुसती."

"हसेल नाही तर काय! सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाली, 'वहिनी, नळाला पाणी किती वाजता येतंय?' तुमच्या पुण्याच्या सुनेपेक्षा चांगलं बेळगावी बोलते."

"माझ्या सुनेला मधे आणू नकोस. ही अशी दिसते कशी, ते सांग."

"सिद्दी आहे ती."

"जंजिऱ्याच्या सिद्दींतली?"

"ते निराळे हो. ते आरमारवाले, त्यांची नवाबी 1948 पर्यंत चालली. हिच्याकडच्या लोकांना पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतनं गुलाम करून गोव्यात आणलं होतं. तिथनं निसटून ते घाट चढले नि हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहिले. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिश्चन आहेत, मुसलमानही आहेत. 2003 ला अनुसूचित जमातीत आले. 2020 ला त्यांच्यातले शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले. आमच्या ह्यांची बदली होती की हल्याळला, तेव्हा कळलं सगळं."

"शतकं झाली म्हण की इथं येऊन!"

"आणि घरमालकानं मागितला काय, तर पासपोर्ट! तिनं आधार कार्ड दिलं. तर ते उन्हात धरून बघितलं, वर अंगठ्यानं घासलं. खालच्या मजल्यावर मागच्या महिन्यात बिऱ्हाड आलं, त्यांचं कार्ड कोण घासलं?"

"ते चुकलंच बाई. पण सगळेच काही वाईट बोलत नाहीत हं. मी तर म्हटलं, काय काटक पोरगी आहे, पळण्यात कुणाला ऐकायची नाही."

"हेच ते! 1980 च्या दशकात स्पोर्ट्स अथॉरिटीनंही हेच म्हटलं. रक्त आफ्रिकेचं म्हणजे पोरं ऑलिंपिकला पळणार, असं धरून सिद्दी मुलंमुली निवडून नेली. काहींनी पदकंही आणली. मग काही वर्षांत योजनाच गुंडाळली, नि कितीतरी जण परत गावी मोलमजुरीला. रक्त सगळ्यांनी बघितलं, पोटाचं कोणी बघितलं नाही."

"मग ही करते तरी काय?"

"नर्स आहे. रात्रपाळी करून येते, दोन जिने चढली की धापा टाकते. नि तुमच्या बंड्यानं गणपतीतल्या रनिंग रेसला तिचं नाव घातलंय, तिला न विचारता."

"अग, आपली गल्ली जिंकावी म्हणून घातलं असेल!"

"वर्गणीही पाचशे घेतली, इतरांकडनं दोनशे. म्हणे फॉरेनर आहे, देईल."

"बंड्यानं? थांब, येऊ दे त्याला घरी! तीनशे परत द्यायला लावते. नावही काढायला सांगते."

"काढा, आणि तिला कशात भाग घ्यायचाय ते तिलाच विचारा. रेसला बंड्यालाच पळवा, काकू. बक्षीस नाही मिळालं तरी पोट उतरेल."