दस्ता कोणता घ्यावा? ओवेगावातल्या होतकरू नेमबाजांसाठी

ही मार्गदर्शिका ज्याच्याकडे अजून एअरगन नाही त्याच्यासाठी आहे. ज्याच्याकडे आहे त्याचं मत केव्हाच ठरून गेलेलं असतं. अशा माणसाला शिकवायला जाऊ नये; चहा पाजावा आणि त्याची रायफल दोन मिनिटं मागून घेऊन हाताळावी.

नवशिक्याची अडचण अशी की दुकानात एकच मॉडेल दोन रूपांत समोर येतं. नळी तीच, स्प्रिंग तीच, घोडा तोच. एकीला खाली तपकिरी लाकूड, दुसरीला काळं प्लॅस्टिक. माणूस नेमबाजी शिकायला निघालेला असतो आणि पहिल्याच दिवशी फर्निचर निवडत बसतो.

पायरी पहिली : दस्ता ओळखा

रायफलीतलं लोखंड वजा केलं की उरतो तो दस्ता. रेंजवर त्याला स्टॉक म्हणतात. त्याला कामं तीन: यंत्रणेला घट्ट धरणं, मागे खांद्याला टेकणं आणि वर गालाला जागा देणं. छर्रा त्याच्यातून जात नाही. फोटोत मात्र सगळ्यांत जास्त तोच दिसतो, त्यामुळे एवढी चर्चा.

पायरी दुसरी : सल्ला गोळा करा

ओव्यात सल्ल्याला तोटा नाही. जुन्या गावठाणातले एखादे काका सांगतील, "लाकडाचाच घे. आमच्याकडे पाण्याच्या पाईपवाल्या कंपनीची बंदूक आहे, अजून तश्शी आहे." काका थापा मारत नाहीत. वालचंद हिराचंद यांची, १९२६ साली निघालेली इंडियन ह्यूम पाईप कंपनी पाईपांच्या जोडीला एअर रायफलीही बनवत असे. बंदूक खरोखरच तश्शी आहे. फक्त तिच्या स्प्रिंगमध्ये जोर उरलेला नाही, आणि हे काकांना सांगायची घरात कुणाची हिंमत नाही.

दुसरा सल्लागार सेक्टरातल्या टॉवरमधला. तो म्हणेल, "सिंथेटिक घे रे, मेंटेनन्स झिरो." त्याची रायफल मे महिन्यात घरी आलेली आहे, एवढं लक्षात ठेवून मान डोलवा.

तिसरा सुतार. लाकूड की प्लॅस्टिक यावर तो काही बोलणार नाही. "बंदूक कुणाला लावायची? हात किती लांब?" एवढंच विचारेल. हा प्रश्न तुम्हाला विषयाला सोडून वाटेल. तरी वहीत लिहून ठेवा.

पायरी तिसरी : पाऊस विचारात घ्या

परदेशी पुस्तकांत लाकूड विरुद्ध सिंथेटिक हा वाद थंडी, बर्फ आणि दिवसभराची पायपीट यांवर लढला जातो. ओव्यात बर्फ नाही. ओव्यात पाऊस आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पांडवकड्याच्या धबधब्यावर जायला बंदी घातल्याची बातमी दरवर्षीप्रमाणे आली, की कपाटातल्या दस्त्याचीही परीक्षा सुरू झाली असं समजावं.

लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. तेही सगळीकडून सारखं नाही: रेषांच्या लांबीत जवळपास नाहीच, आडवं मात्र चांगलंच. एप्रिलमध्ये तुम्ही दस्त्याचे स्क्रू आवळून बसवलेत. जुलैमध्ये लाकूड फुगलं आणि स्क्रूच्या डोक्याखाली स्वतःच चेपलं गेलं. ऑक्टोबरच्या उन्हात ते आकसलं, आणि स्क्रू ढिले. आता छर्रे कागदावर वाटेल तिथे लागू लागतात. या टप्प्यावर नवशिक्या दुर्बीण बदलतो. मग छर्ऱ्यांची कंपनी बदलतो. मग कुणीतरी सांगतं म्हणून श्वास घ्यायची पद्धत बदलतो. स्क्रूड्रायव्हर घरातच असतो, टीव्हीखालच्या खणात.

लाकडाला वर्षातून एकदोनदा तेल द्यावं लागतं. कोकणपट्टीत तेल म्हटलं की हात खोबरेल तेलाकडे जातो. जाऊ देऊ नका. खोबरेल वाळत नाही. चिकट होतं, खवट होतं, आणि गाल टेकवला की आपण डोकं दस्त्यावर ठेवलंय की उशीवर, असा वास येतो. हवं ते जवसाचं तेल, म्हणजे अळशीचं. ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन वाळतं आणि लाकडावर पातळ थर धरतं. या वाळण्यात उष्णता निर्माण होते, म्हणून जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. सगळ्या मार्गदर्शिकेत गमतीवर न नेता पाळायच्या सूचना थोड्याच आहेत, ही त्यांतली एक.

दस्त्याखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर ती पॉलिशची नव्हे. लाकूड पोखरणारा किडा आत राहायला आलेला आहे. वाळवीचं तर सांगायलाच नको. भिंतीला टेकवून ठेवलेली कोणतीही लाकडी वस्तू ती आपल्याचसाठी ठेवली आहे असं समजते.

इथवर वाचून तुम्ही सिंथेटिकचं नक्की केलं असेल. घाई नको. प्लॅस्टिक फुगत नाही, कुजत नाही, किड्याला गोड लागत नाही, हे खरं. पण त्याच्यावर बसवलेली नळी पोलादाचीच आहे. लाकडी दस्त्याचा मालक काळजीनं का होईना, पावसाळ्यात दर आठवड्याला रायफल बाहेर काढतो, पुसतो, नळीवर तेलाचा हात फिरवतो. सिंथेटिकचा मालक 'मेंटेनन्स झिरो' म्हणत ती फोमच्या बॅगेत बंद करतो आणि गणपतीत उघडतो. फोम ओल धरून ठेवतो. दस्ता नव्यासारखा काळाभोर निघतो, नळी मात्र विटकरी. पावसाळ्यात रायफल बॅगेबाहेर, हवेशीर कपाटात ठेवावी. दस्ता कशाचाही असो.

पायरी चौथी : धक्का समजून घ्या

स्प्रिंगची एअरगन एकदा नव्हे, दोनदा हलते. घोडा दाबला की आतला दट्ट्या पुढे धावतो आणि रायफल मागे येते. दट्ट्या टोकाला जाऊन थडकतो आणि रायफल पुढे जाते. हे सगळं छर्रा नळीबाहेर पडायच्या आत उरकतं. रायफल जितकी जड, तितकी ही उठबस कमी जाणवते. शिसव किंवा बीचचा भरीव दस्ता म्हणून शांत वाटतो. स्वस्तातला सिंथेटिक दस्ता आतून पोकळ असतो. बार काढला की रिकाम्या डब्यासारखा वाजतो. त्यात फोम भरून आवाज मारणारे हौशी लोक आहेत. पण सिंथेटिक सगळंच हलकं नसतं, लाकूड सगळंच जड नसतं. दुकानात तराजू मागा. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. बघू द्या.

पायरी पाचवी : सुताराकडे परत जा

कोपर काटकोनात वाकवा. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनीचं टोकाकडचं पेर घोड्यावर आरामात पोचलं, तर दस्ता तुमच्या मापाचा. पोचण्यासाठी ताणावं लागलं तर तो दुसऱ्या कुणाच्या मापाचा, आणि हा दुसरा कुणी बहुधा सहा फुटी असतो. बारा वर्षांच्या मुलीनं असली रायफल उचलली की कंबर पुढे, खांदे मागे, मान लांब. बघणारे म्हणतात, हिला जमत नाही. तिला सगळं जमतं, दस्ता दोन इंच मोठा आहे.

इथे लाकडाच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा निघतो, आणि वादविवादात तो फारसा कुणी काढत नाही. लाकडी दस्ता कापता येतो. सुतार मागून दीड इंचाची चकती कापेल, रबरी पट्टी पुन्हा बसवून देईल. पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता कापला तर आतली पोकळी उघडी पडते आणि पट्टी बसवायला काही उरत नाही. कापलेली चकती फेकू नका. मुलगी दोन वर्षांत वाढेल, तेव्हा लांब स्क्रूनं तीच परत जोडता येते.

ऑलिम्पिकला जाणाऱ्यांनी या वादावर आपला तोडगा काढलाय: अॅल्युमिनियम. फाईनवेर्कबाऊ, वाल्टर, आनशुट्झ या जर्मन कंपन्यांच्या मॅच रायफली पूर्वी लाकडी दस्त्याच्या असत, आजही काही मॉडेलं तशी निघतात. पण रेंजवर आता जास्त दिसतो तो धातूचा सांगाडा. गालाची पट्टी वर-खाली, मागची प्लेट पुढे-मागे, हाताची मूठ फिरवता येणारी. एकूण वजन साडेपाच किलोंच्या आत ठेवलं म्हणजे नियमाला तक्रार नाही. कारण सुताराचंच: बंदूक कुणाला लावायची?

याचा दाखला शोधायला ओवेकरांना जर्मनीला जायचं कारण नाही. सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत उभा राहिला. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमाताईंनी १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण घेतले. म्हणजे चाळीस छर्रे, चाळीस दहा. दहाच्या गुणाचं टिंब अर्धा मिलिमीटरचं असतं. त्याच वर्षी त्या अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत होत्या. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या अवनी लेखरानं व्हीलचेअरवरून नेम धरत टोकियो पॅरालिम्पिकचं सुवर्ण घेतलं आणि पॅरिसला २०२४ मध्ये पुन्हा घेतलं. बसून नेम धरणाऱ्याचा खांदा वेगळा, गालाची उंची वेगळी, तोल वेगळा. तिथे 'लाकूड बरं की प्लॅस्टिक' असं विचारून बघा.

पायरी सहावी : उडवणार कुठे?

ही पायरी खरं तर पहिली असायला हवी होती. पण पहिली ठेवली असती तर पुढच्या सहा कुणी वाचल्या नसत्या.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. यातून 'कुठेही उडवता येते' असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. छर्रा दोनतीनशे मीटर सहज जातो. ओव्यात कोणत्याही दिशेनं दोनशे मीटरांत काय काय आहे ते गच्चीवरून एकदा मोजा: शाळेचा रस्ता, गोठा, कुणाचं तरी वाळवण, आणि एक टॉवर, जो मागच्या वर्षी तिथे नव्हता. फ्लॅटमध्ये हॉल, पॅसेज आणि आतली खोली एका रेषेत आली तर दहा मीटर भरतातही. पण त्या रेषेत मधूनच कुणीतरी पाण्याला उठतं. भिंतीवर आपटलेला छर्रा परत येतो, हेही भिंत सांगत नाही.

पक्ष्यांवर नेम धरायचा विचार असेल तर मार्गदर्शिका इथेच मिटा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दस्ता कशाचा होता ते विचारत नाही. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ पासून आपल्याच तालुक्यात आहे. पोपट आणि घार बघायचे तर तिथे दुर्बीण न्यावी.

उरली रेंज. तिथे गेल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. दुकानदार ज्या वीस ज्यूलचं कौतुक सांगत होता, त्याच्या निम्मीही ताकद मॅच रायफलीत नसते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, ते सात-आठ ज्यूलच्या गटातल्या रायफलीवर.

पायरी सातवी : खरेदी

आमचा कौल विचारत असाल तर असा: ओळखीचा सुतार असेल आणि घरात वाढतं मूल असेल तर लाकूड. तळमजल्यावर, ओल धरणाऱ्या खोलीत राहत असाल तर सिंथेटिक, पण भरीव बघून. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंना सारखा असलेलाच दस्ता घ्या, मग तो कशाचाही निघो. सोनेरी नक्षी, बंदुकीच्या नावातला 'स्नायपर' आणि दस्त्यावर छापलेला गरुड यांचे पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर छर्रा न घालता घोडा ओढून बघायचा मोह होईल. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नसला की हवेची गादी मिळत नाही, दट्ट्या थेट टोकावर आदळतो आणि सील जातं. पाहुण्यांनाही हे आधीच सांगा. प्रत्येक पाहुणा ती उचलून खिडकीबाहेर रोखतो आणि तोंडानं आवाज काढतो. तोंडाच्या आवाजाला हरकत नाही, खिडकीला आहे.

शक्य असेल तर पहिले काही महिने विकतच घेऊ नका, क्लबची रायफल वापरा. तिथे दस्त्यावरची आपली सगळी तयारी घेऊन जाल. प्रशिक्षक दस्त्याकडे बघणारही नाहीत. "पाय कुठे ठेवलेस?" एवढंच विचारतील, आणि तासभर नुसतं उभं करतील. बूट कोणते घ्यावेत याची मार्गदर्शिका वेगळी निघेल.