पंचवीस अंशांचं ऊन

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर पितळी वजनांचा जुना संच, स्टीलची मोजपट्टी आणि फायलींचा गठ्ठा. खुर्चीच्या पाठीवर पंचा. पात्र : अकोल्यातले एक निवृत्त वैधमापन निरीक्षक. साठी ओलांडलेली, खिशाला दोन पेनं. येतात, प्रेक्षकांना नमस्कार करता करता थांबतात आणि पहिल्या रांगेतल्या एकाच्या हातातल्या बाटलीकडे रोखून बघतात.)

ती बाटली एक लिटरची ना? नक्की? ... राहू द्या, प्या. मी निवृत्त झालोय.

मंडळी, आमचं खातं वजनमापाचं. पोलीस आला की चोर पळतो. आम्ही आलो की अख्खा बाजार पळायचा. तराजूखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, पेट्रोल पंपाचं मीटर, सगळं या डोळ्यांनी तपासलंय. बायको मला भाजी आणायला सोबत नेत नाही. म्हणते, ‘तुम्ही आलात की तो भाव सांगायच्या आधी काटा झाकतो.’

तर अशा माणसाने छतावर सोलर बसवायचं ठरवलं.

कारण काय? मे महिना, अकोला, ४५ अंश. कूलर लावला तर बिल अंगावर येतं, बंद ठेवला तर बायको. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. १ किलोवॉटला ३० हजार अनुदान, २ ला ६० हजार, ३ आणि त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजार. झालं! पाऊस पडायच्या आधीच गल्लोगल्ली सोलरवाले उगवले. काल मोबाइलची कव्हरं विकणारा आज सूर्य विकायला लागला.

(टाय घट्ट केल्याचा अभिनय, आवाज बदलून) ‘सर, आपलं पॅनेल ५४० वॉट. टॉप ब्रँड!’

मी विचारलं, ५४० वॉट कशावर?

‘कशावर म्हणजे? उन्हावर.’

कोणत्या उन्हावर?

‘सर, ऊन ते ऊन असतं.’

(कपाळ दाबून) ‘वजन ते वजन असतं’ म्हणणाऱ्यांना मी कोर्टात उभं केलंय हो! म्हटलं, पॅनेल उलटं कर. मागे स्टिकर होता. त्यावर वॉटच्या शेजारी बारीक अक्षरात ‘एसटीसी’. म्हणजे प्रमाणित चाचणीची परिस्थिती. ती काय? चौरस मीटरवर १००० वॉट ऊन हवं आणि पॅनेलमधल्या सेलचं तापमान हवं २५ अंश.

(शांतपणे) पंचवीस. अंश. अकोल्यात.

नाही, आमच्याकडेही २५ अंश असतात. डिसेंबरात, सकाळी. पण तेव्हा १००० वॉट ऊन नसतं. आणि १००० वॉट ऊन असतं तेव्हा... (पंचा डोक्याला गुंडाळतात) तेव्हा आम्ही असे असतो! मेच्या दुपारी काचेखालचा सेल ६५ अंशांवर सहज जातो. आणि सिलिकॉनचा स्वभाव असा की त्याला ऊन हवं, पण उन्हाळा नको.

मी पोराला विचारलं, टेम्परेचर कोएफिशियंट किती? त्याने बाजूला जाऊन साहेबाला फोन लावला. (हळू आवाजात) ‘सर, कस्टमर काहीतरी मेडिकल विचारतोय.’

मग मीच हिशेब मांडला. मोनो पर्क पॅनेल असेल तर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. ६५ वजा २५, राहिले ४०. ४० गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के. ५४० चे झाले ४६४! किलोमागे १४० ग्रॅम कमी! किराणावाल्याने हे केलं असतं तर मी पंचनामा केला असता.

पोरगं सावरलं. ‘सर, मग टॉपकॉन घ्या. नवं तंत्रज्ञान. उन्हात कमी पडत नाही.’ कमी पडतं रे. ०.३० ने पडतं. तिथे मिळतात ४७५. पॅनेलमागे फरक ११ वॉट. तीन किलोवॉटला सहा पॅनेल, म्हणजे ६६ वॉट. एक सिलिंग फॅन! आणि त्याचे जास्तीचे पैसे किती? त्याने आकडा सांगितला. म्हटलं, बाळा, एवढ्यात मी चार फॅन घेतो आणि तुलाही एकाखाली बसवतो.

(एक पितळी वजन उचलून टेबलावर ठेवतात.) पहिला गेला. दुसरा आला.

(छाती फुगवून) ‘आम्ही टिअर वन, काका!’

टिअर वन कोणी ठरवलं? ‘इंटरनॅशनल लिस्ट आहे.’ आहेच. ब्लूमबर्गएनईएफ नावाची संस्था ती यादी करते. पण कशाची? मोठमोठ्या प्रकल्पांत या कंपनीची पॅनेलं असताना बँकांनी कर्ज दिलं का, याची! गुणवत्तेचं माप म्हणून ही यादी वापरू नका, असं ती संस्थाच सांगते. म्हणजे बँकेचा भरवसा बसला, एवढंच कळलं. आता बँकांचा भरवसा कोणाकोणावर बसतो, हे या देशात मी सांगायला नको.

‘पण काका, एफिशियन्सी २२ टक्के!’

माझी आत्या आतून ओरडली, ‘बावीस टक्के? आमच्या वेळी पस्तीसला पास करायचे!’ तिला सांगितलं, आत्या, १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, तो ६ टक्क्यांचा होता. तिथून २२ म्हणजे पोरगं हुशार आहे. पण मला काय त्याचं? एफिशियन्सी जास्त म्हणजे तेवढ्याच वॉटला जागा कमी. किलोवॉटला शंभरेक चौरस फूट लागतात. ज्याचं छत मुंबईत आहे त्याने टक्के मोजावेत. माझ्या छतावर हिने कुरडया, पापड, सांडगे आणि मिरच्या वाळत घालूनही क्रिकेटची खेळपट्टी उरते.

‘काका, गारपिटीलाही काही होत नाही. टेस्टेड!’

हे मात्र खरं. आयईसी ६१२१५ नावाची चाचणी आहे. त्यात २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारतात. ताशी ८० किलोमीटरच्या वर! अडचण पॅनेलची नाही, आपली आहे. आपल्याकडे गारपीट मोजतात कशात? फळांत! ‘बोराएवढ्या गारा पडल्या.’ ‘लिंबाएवढ्या गारा पडल्या.’ अरे, कोणतं लिंबू? कागदी की ईडलिंबू? वजनमाप खात्यात आयुष्य गेलं आणि आमच्या आभाळाला अजून प्रमाणित माप नाही!

(दुसरं वजन ठेवतात. तिसऱ्याच्या तयारीत असतानाच आतून कोणी हाक मारल्यासारखे वळतात.) आत्या बाहेर आली. वय ८४. तिने एकच प्रश्न विचारला. ‘याचं तोंड कुठे करणार?’

सोलरवाला म्हणाला, ‘दक्षिणेला, आजी.’

(खुर्चीवर बसकण मारून, आत्याच्या आवाजात) ‘दक्षिणेला? यमाच्या दिशेला? माझ्या हयातीत?’

त्याने समजावलं, आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून पॅनेलचं तोंड तिकडे. आत्या ऐकेना. मग मी पुढे झालो. म्हटलं, आत्या, यम कोणाचा मुलगा?

‘सूर्याचा.’

मग बाप मुलाच्या घराकडून येतो, त्याला आपण काय करणार?

आत्या गप्प. मग म्हणाली, ‘बसवा. पण माझ्या खोलीच्या वर नको.’

(उठून) तिसरा वॉरंटीवाला. ‘२५ वर्षं, साहेब. निश्चिंत राहा.’ वॉरंटीपत्र वाचलं. २५ वर्षं कशाची? पॅनेल ८० टक्क्यांच्या वर वीज देत राहील याची. पॅनेल फुटलं, गळलं, जळलं, तर ती वॉरंटी वेगळी, दहा-बारा वर्षांची. आणि वीज ८० च्या खाली गेली हे ठरवणार कोण? पॅनेल उतरवून प्रयोगशाळेत मोजायचं. उतरवणार कोण? भाडं कोण देणार? मी विचारलं, तुमची एजन्सी कधीची? ‘गेल्या दिवाळीची, साहेब.’ २५ वर्षांचा शब्द द्यायला बाळसं तरी धरायचं होतं!

मी म्हटलं, प्रत्येक पॅनेलचा फ्लॅश टेस्ट रिपोर्ट द्या. त्याला वाटलं मी फोटो मागतोय. अहो, कारखान्यात प्रत्येक पॅनेलवर क्षणभर प्रखर उजेड पाडून त्याचे खरे वॉट मोजतात आणि सिरियल नंबरसकट नोंदवतात. पॅनेलची जन्मनोंद ती! तो म्हणाला, ‘साहेब, एवढं कोणी मागत नाही.’ म्हटलं, तराजू तपासायलाही कोणी मागत नव्हतं. म्हणून तर माझा पगार निघायचा.

अनुदानाचं विचारलं तर म्हणे, ‘मिळेल ना.’ पॅनेल डीसीआर आहे का? म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं? सरकारच्या एएलएमएम यादीत मॉडेल आहे का? ‘कंपनी भारतीयच आहे, साहेब.’ कंपनी भारतीय रे, आतला सेल कुठला? सेल बाहेरचा असेल तर अनुदान शून्य. ‘पण साहेब, बिलही शून्य येईल!’ येत नाही. स्थिर आकार राहतो. तोही गेला.

(तिसरं वजन ठेवतात. हात झटकतात.)

आणि मग एक पोरगा आला. पायात चप्पल, गळ्यात मोजपट्टी. ब्रँड बोलला नाही, टिअर बोलला नाही. म्हणाला, ‘काका, वर्षभराची लाइट बिलं दाखवा.’

मी गडबडलो! आजवर कागद मी मागायचो.

बिलं पाहून म्हणाला, ‘महिन्याला सरासरी १८० युनिट. एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. दोन किलोवॉट म्हणजे महिन्याला २४०. दोन पुरे. तीन कशाला?’

मंडळी, कमी घ्या म्हणणारा विक्रेता मी नोकरीत पाहिला नव्हता. मला वाटलं हा खात्याचा माणूस आहे, माझीच परीक्षा घेतोय!

छतावर गेला. जिन्याच्या खोलीची सावली चारनंतर कुठवर येते, बघितलं. म्हणाला, ‘पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याचा तिसरा हिस्सा झोपू शकतो. डिश अँटेना हलवा.’ लोखंडी सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड हवा, नुसता चंदेरी रंग फासलेला नको. अर्थिंग तीन : एसीचं, डीसीचं, विजेच्या लोळाचं. मग म्हणाला, ‘काका, पॅनेल सहसा बिघडत नाही. आधी रुसतो इन्व्हर्टर. तो रुसला तर मी किती दिवसांत येणार, ते मी लिहून देतो. सगळे पॅनेलचं नाव विचारतात. दुरुस्तीला कोण येणार, हे कोणी विचारत नाही.’ त्याचा मदतनीस पॅनेलवर पाय ठेवून पलीकडे जायला निघाला, तर हा कडाडला, ‘उतर! आत बारीक चिरा जातात, डोळ्याला दिसत नाहीत!’

तिथेच मी विरघळलो. न दिसणाऱ्या खोटीवर ओरडणारा माणूस! माझ्या खात्यात असता तर बढती दिली असती.

बायकोने विचारलं, निगा काय? ‘पंधरा दिवसांनी धुवायचं, काकू. सकाळी लवकर. तापल्या काचेवर गार पाणी नको.’ ती माझ्याकडे वळली. ‘म्हणजे घरात चार मोठी ताटं वाढली. ती तुम्ही घासायची.’

जाताना त्याने शेवटचा प्रश्न विचारला. ‘शेजारी मजला चढवणार आहेत का?’

मी कठड्यावरून हाक मारली. शेजारी बाहेर आला. (वऱ्हाडी ठसक्यात) ‘आता कायचा मजला राजेहो! पोराचं लगन झालं का पाहू.’

(खाली बसतात.) कंपनीने २५ वर्षं दिली. शेजाऱ्याने पोराच्या लग्नापर्यंत दिली. त्या दिवसापासून त्या पोरासाठी मी एकही स्थळ सुचवलं नाही. उलट कोणी चौकशीला आलं की म्हणायचो, ‘पोरगा चांगलाय हो... पण घाई काय आहे?’

तरी बसवलं. चार पॅनेल. नेट मीटर लागलं. पहिलं बिल आलं त्याच आठवड्यात, भर दुपारी एक वाजता, आभाळात एक ढग नाही, गल्लीची लाइट गेली. आणि माझा कूलरही बंद.

शेजारी कठड्यावर हजर. ‘काय राजेहो! डोक्यावर एवढी तपन, छतावर एवढे पाट, अन् लाइन तुमची बी गेली?’

म्हटलं, ग्रिडला जोडलेलं आहे. ग्रिड गेलं की इन्व्हर्टर आपणहून थांबतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला माझ्या छतावरची वीज लागेल.

‘मंग बॅटरी लावा ना!’

लावता येते, पण खर्च वाढतो. आपल्याकडे लाइट फार वेळ जात नाही.

‘मंग फायदा काय झाला बाप्पा?’

मी आत गेलो. बिल आणलं. त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं. उलटं करून वाचलं. मग स्वतःच्या घरात गेला, स्वतःचं बिल आणलं, दोन्ही शेजारी शेजारी धरली. आणि पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

‘कोन्त्या कंपनीचं हाय हे?’

म्हटलं, कंपनी मागच्या स्टिकरवर आहे, वर चढा आणि वाचा. तुम्ही या पोराचा नंबर घ्या. उद्याच बोलवा. आजच बोलवा! अख्खं छत भरून बसवा! जिन्याकडची जागासुद्धा सोडू नका!

तो म्हणाला, ‘तुमाले एवढी घाई कायची?’

(प्रेक्षकांकडे झुकून, हळूच) मंडळी, त्याच्या छतावर पॅनेल चढली की मजला चढत नाही. माझं ऊन पक्कं! ही वॉरंटी एकाही ब्रँडने दिली नव्हती.

(ताठ उभे राहत, शेजाऱ्याला मोठ्याने) आणि ऐका! तुमच्या पोरासाठी तीन उत्तम स्थळं आहेत माझ्याकडे!

(पडदा)