मुक्काम पोस्ट लष्कर

जिनिव्हातल्या एका मदतसंस्थेत नोकरी पक्की झाली आणि पहिला फॉर्म आला. पत्त्याच्या रकान्यात मी लिहिलं : कंपू, लष्कर, ग्वाल्हेर. उलट टपाली विचारणा आली, "आपला सैन्याशी काही संबंध?" युद्धात कुणाचीच बाजू न घेणारी संस्था, तिचंही बरोबर होतं. मी कळवलं, दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याखाली तळ टाकला, तो उठायचा राहून गेला, एवढंच. मग जवळच्या दोन नातेवाइकांचे पत्ते मागितले. मावशी शिंदे की छावणीत, मामा जिन्सी नाल्यावर. जिन्सी म्हणजे तोफखाना, हे मी आपणहून सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी काकांनी माझ्या दोन बॅगा न्याहाळल्या. "बस, एवढंच? अरे, १९०० साली चीनच्या लढाईत माधवराव महाराजांनी जखमींसाठी आख्खं इस्पितळ-जहाज दिलं होतं. नावसुद्धा 'ग्वाल्हेर'! आणि तू चाललास गजकचे डबे घेऊन."

तिळाची ती गजक आईने भरली होती. माणसं भांडतात ती पोटात वेळेवर काही न गेल्याने, असं तिचं मत. पुढे हेच मत मला ऑफिसच्या एका अहवालातही सापडलं; तिथे त्याला चाळीस पानं लागली होती.

दिल्ली विमानतळावर मर्यादा २३ किलोंची, बॅग २६ किलोंची. तीन किलो गजक मी रांगेतच वाटून टाकली. माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलं मदतवाटप. एक गृहस्थ मफलर बदलून दोनदा घेऊन गेले.

जिनिव्हा इतकं शांत, की ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या टेम्पोंचे हॉर्न माझ्या कानात आपोआप वाजू लागले. पहिल्याच दिवशी प्रशिक्षणात एका निर्वासित छावणीचं छायाचित्र दाखवलं. सहा महिन्यांसाठी उभारलेली. आता तिथे बाजार, शाळा, न्हाव्याचं दुकान. सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. बाईंनी विचारलं, "तुम्हाला छावणीचा काही अनुभव?"

"आमच्या छावणीला दोनशे वर्षं होऊन गेली," मी म्हणालो. "पुण्याची आत्या अजून विचारते, 'परत कधी येणार?'"

वर्ग हसला. छायाचित्रात न्हाव्यापुढे बसलेला म्हातारा तेवढा हसत नव्हता. त्यालाही बहुधा एखादी आत्या असावी.