मांडून ठेवा, शेठ

नात्यात व्यवहार आणू नये, असं शहाणी माणसं सांगून गेली. त्यांचं काय जातंय? ती नात्यात राहत नव्हती. आम्ही राहतो. महाडहून रायगडाकडे निघालात की कोंझर, पाचाडच्या आधी आमचं नाते लागतं, आणि त्या नात्यात माझं किराणा दुकान आहे. गावाच्या नावावरचा हा विनोद इथं थांबणारा दर दुसरा पर्यटक करतो आणि तो पहिल्यांदा आपल्यालाच सुचला असं समजून हसतो. म्हणून मी आधीच उरकून टाकला.

दुकानात शिरताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी दिसतात. एक, ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी. दुसरी, त्या पाटीखालच्या बाकावर बसलेला गव्हर्नर.

साठीच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगता येत नाही. खांद्यावर टॉवेल, पायात झिजलेली चप्पल आणि शर्टाच्या खिशाला कायम एक पेन. त्या पेनात रिफिल आहे की नाही हे कुणी पाहिलेलं नाही, कारण सही करायची वेळ त्यानं स्वतःवर आजवर येऊ दिलेली नाही. खरं नाव मी इथं देत नाही. छापून आलं तर अंक घ्यायला तो माझ्याकडेच येईल आणि अंकाचे पैसेही मांडून ठेवायला सांगेल.

असा माणूस फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. बिरवाडीच्या नाक्यावर आहे, पोलादपूरच्या स्टँडवर आहे, आणि इथून पोटापाण्यासाठी दिवा-नालासोपाऱ्याला गेलेल्या आमच्या चाकरमान्यांच्या चाळीखालीही, वाण्याच्या बाकावर, हाच बसलेला असतो. पण तिकडच्या माणसाकडे नुसती उधारी असते. आमच्या गव्हर्नरच्या उधारीला घराणं आहे.

ते असं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे १४ जानेवारी १८९६ रोजी आमच्या नात्यात जन्मले. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, १९४३ साली गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या नोटांवर सही त्यांची. लहानपण रोह्याकडे गेलं म्हणून रोहेकरही त्यांच्यावर हक्क सांगतात. त्यावर गव्हर्नरचा निकाल ठरलेला आहे : “वाढायला काय, माणूस कुठंपन वाढतो. जन्माला नातंच लागतं.”

एवढा मोठा माणूस गावात जन्मला म्हणजे गावाची पत वाढली. गावाची पत वाढली म्हणजे गावातल्या प्रत्येकाची वाढली. मग पत असलेल्या माणसानं रोख द्यायचं म्हणजे गावाचा अपमान. ही त्याची अर्थशास्त्राची पहिली पायरी. दुसरी पायरी नाही.

सकाळी महाडहून पहिली एसटी येते, तिच्यातून माझं वर्तमानपत्र येतं. वर्तमानपत्र माझं, वाचन त्याचं, मत सगळ्या गावासाठी. वाचताना शेजारच्या टपरीवरून चहा मागवतो. तो चहा टपरीवाला माझ्या नावावर लिहितो आणि मी माझ्या चोपडीत गव्हर्नरच्या नावावर लिहितो. एका कटिंगच्या दोन ठिकाणी नोंदी होतात आणि पैसा मात्र जागचा हलत नाही. याला तो ‘बँकाबँकांमधला व्यवहार’ म्हणतो.

एकदा मी वैतागून म्हटलं, “अहो, नुसत्या तोंडच्या वचनावर किती दिवस?”

त्यानं शांतपणे माझ्याच गल्ल्यातली शंभराची नोट मागितली. उजेडाकडे धरली. “वाचा काय लिवलंय. धारकाला शंभर रुपये देन्याचं वचन. खाली सही गव्हर्नरची. आता सांगा शेठ, ही नोट घेऊन तुमी कदी गेलात त्याच्याकडं? म्हनालात, टाका शंभर?”

“नाही.”

“का नाय गेलात?”

“विश्वास आहे म्हणून.”

“मग!” म्हणून त्यानं नोट परत दिली. ती त्यानं परत दिली, याचंच मला त्या दिवशी अप्रूप वाटलं. “ती बी उधारीच हाय. मुंबईच्या गव्हर्नरची चालते, नात्याच्या गव्हर्नरची का नाय?”

मी म्हटलं, रुपयाची नोट असते तिच्यावर वचन नसतं आणि सही वित्त सचिवांची असते. मला वाटलं, पकडला. तो म्हणाला, “मला ठावं हाय. म्हनून तर एक रुपया मी कदी उधार मागत नाय.”

खरं आहे. कधीच मागितलेला नाही. 

हल्ली गल्ल्यासमोर क्यूआर कोडची पाटी आहे. पैसे आले की डब्यातली बाई मोठ्यानं रक्कम सांगते. गव्हर्नरला तो डबा आवडत नाही. “पैसे आले ह्ये गावाला वरडून सांगायची काय गरज? विश्वास नाय, म्हनून वरडतंय.” नोटाबंदी झाली तेव्हा, नोव्हेंबर २०१६ मध्ये, गावात निर्धास्त होता तो एकटा. पाचशे-हजाराची एकही नोट त्याच्या घरात नव्हती. आम्ही महाडच्या बँकेच्या रांगेत उभे राहिलो आणि तो रांगेत उभा राहणाऱ्यांना सल्ला देत उभा राहिला. दिवसभर. डबा मात्र माझा खाल्ला.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या माणसाच्या अंगी एक गुण आहे, तो म्हणजे नाक. बाकावरून न उठता कुणाच्या चुलीवर काय आहे हे तो सांगतो. “वरच्या आळीत सुका जवळा परतलाय, पन कांदा करपवला.” “आज शाळेमागं कुळथाची पिठी हाय, कोकम जरा जास्त पडलंय.” श्रावणात वालाच्या बिरड्याला फोडणी बसली की डोळे मिटून घेतो आणि घराचं नाव सांगतो. मग अर्ध्या तासानं त्या घरी काहीतरी निरोप द्यायचा असल्याचं त्याला आठवतं. निरोप कुणाचा, कुणाला, ते वाटेत ठरतं. दारात उभं राहून “वहिनी, पानी मिळंल काय?” एवढंच म्हणतो. आमच्याकडे नुसतं पाणी कुणाला देत नाहीत हे त्याला माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे हे वहिनींनाही माहीत आहे. तांदळाची भाकरी येते. भाकरीवर काय येणार ते त्यानं आधीच हुंगलेलं असतं.

जेवल्यावर अभिप्राय देतो, आणि तो खरा देतो. मीठ कमी असेल तर कमी म्हणतो. त्यामुळे गावातल्या बायका वरून कितीही बडबडल्या तरी नवीन सुनेच्या हातची पहिली भाकरी त्याच्यापुढे एकदा ठेवतातच. त्याच्या तोंडून “चाललं” आलं की सासूचा आवाज खाली येतो. माझ्या घरी त्यानं “चाललं” म्हटलं होतं. माझी बायको त्याच्या उधारीबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही.

आता तो काहीच फेडत नाही असं म्हटलं तर माझी चोपडी खोटी पडेल. पावसाळ्यात फेडतो. पहिला जोराचा पाऊस पडून ओढे भरले की नदीतले मासे अंडी घालायला शेतांकडे चढतात. ही वलगण. ती कोणत्या रात्री, कोणत्या बांधाला चढणार हे गावात याला कळतं. पहाटे दारात मासे असतात. पुढे मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, येतात, डोळे बाहेर काढून, टोपलीत खडखड करत. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, जे रानात फुकट उगवतं ते सगळं माझ्याकडे जमा होतं. वाळणकोंडीच्या डोहातल्या माशांकडे मात्र बघतही नाही. ते देवीचे. देवीच्या खात्याला हात लावायचा नाही, एवढी शिस्त त्याच्या कारभारात आहे.

वाद होतो तो भावाचा. एका टोपली मुठ्यांचे किती धरायचे? तो म्हणतो दोनशे. मी म्हणतो ऐंशी. “शेठ, महाडच्या बाजारात इचारा.” मी म्हणतो, मग महाडच्या बाजारात वीक. त्यावर तो असा पाहतो, जणू मी त्याला चोरीचा माल खपव म्हटलं. रानातली वस्तू विकायची नाही, मांडायची, हे त्याचं तत्त्व आहे. शेवटी एकशे वीसवर तोडगा निघतो. माझी बायको मुठ्यांचा रस्सा करते. आणि तो रस्सा खायला, निरोप घेऊन, कोण येतं हे सांगायला हवं का?

तत्त्वावरून आठवलं. एका वर्षी पोरांनी त्याला उत्सवाच्या मंडळाचं खजिनदार केलं. गंमत म्हणूनच केलं, पण त्यानं ते मनावर घेतलं. वर्गणी चोख जमली. उत्सव संपला, सभा झाली आणि कुणीतरी हिशेब मागितला. गव्हर्नर उभा राहिला. चिंतामणरावांनी १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून अर्थमंत्रिपदावर लाथ मारली, ही हकिगत त्यानं सविस्तर सांगितली. ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच निवडून गेले होते, हेही सांगितलं. सभेचा ऊर भरून आला. मग तो म्हणाला, “तशीच वेळ आज माझ्यावर आली हाय.” आणि राजीनामा दिला. टाळ्या पडल्या. हिशेबाचं घरी गेल्यावर लोकांच्या ध्यानात आलं. सांगायला हरकत नाही, दुसऱ्या दिवशी एका चिठोऱ्यावर हिशेब त्यानं माझ्याकडे आणून दिला. पैन् पै जुळत होती. “मग काल का नाही दिला?” विचारलं तर म्हणाला, “मागून घेत्यात तो हिशेब नव्हं शेठ, तो संशय.”

सहा जून जवळ आला की त्याचा खरा हंगाम. राज्याभिषेकाला गडावर जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. काच खाली होते. “काका, रायगड किती लांब?” हा म्हणतो, “गाडीनं चला तर जवळ. तसं म्हनाल तर साडेतीनशे वर्सं.” पोरं खूश होतात, त्याचे फोटो काढतात. रस्ता, पार्किंग, रोपवेची रांग, पाचाडला जिजाऊंच्या समाधीला आधी जायचं की येताना, सगळं सांगतो. त्याबद्दल कुणी वीस-पन्नास रुपये देऊ केले तर मागे सरतो. “छ्या! वाट सांगायचे कुनी पैसे घेतं?” गाडी निघून जाते आणि तो माझ्याकडे वळतो. “शेठ, एक बिस्किटपुडा. मांडून ठेवा.”

तो स्वतः गडावर गेल्याला किती वर्षं झाली असतील? विचारलं तर म्हणतो, गड कुठं पळतोय.

आता जुलै २०२१चं सांगतो. महाड पाण्यात गेलं. बावीस तारखेला आमच्याच तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला. त्या दिवसाबद्दल गव्हर्नर बोलत नाही, मीही बोलत नाही. पुढचे कित्येक दिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. क्यूआरची पाटी नुसती भिंतीला चिकटून होती आणि डब्यातली बाई मुकी झाली होती. महाडच्या बँकांमध्ये चिखल. रोख संपत आली तसा गावातला एकेक शहाणा, नोकरदार, पेन्शनवाला, दुकानाच्या पायरीशी येऊन घुटमळायला लागला. एरवी कार्ड नाचवणारी माणसं. त्यांना कसं मागावं हेच कळेना. गव्हर्नर बाकावरून म्हणाला, “लाजू नका. जोरात बोला, मांडून ठेवा शेठ!” आणि त्या दिवसांत सबंध नाते गव्हर्नरच्या धोरणावर चाललं.

त्यात माझ्या छपराचं एक कौल सरकलं होतं, ते मला कळलं नाही. पाणी नेमकं खणावर गळलं. काढली तेव्हा चोपडी म्हणजे निळा लगदा. मी एकेकाला विचारायला लागलो, तुमचे किती होते हो? माणसाची आठवण कशी असते ते मला त्या आठवड्यात कळलं. ज्यांच्याकडे नक्की हजाराच्या वर येणं होतं त्यांना दोन-अडीचशे आठवले. भल्या माणसांना आठवले, मुद्दाम कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. गव्हर्नरचे माझ्या अंदाजानं बाराशेच्या आसपास असावेत. त्याला मी विचारलंच नाही. विचारून काय उपयोग?

तोच आला. म्हणाला, “नवी वही काढलीत? लिवा. एक हजार चारशे बारा. त्यात मंगळवारच्या दोन काडेपेट्या धरलेल्या नायत, त्यांचे दोन रुपये.”

मी बघतच राहिलो. “तोंडपाठ आहे?”

“गव्हर्नरला आपलं देनं ठावं नसंल शेठ, तर लोकांनी नोट घ्यावी कशाला?”

नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ त्याची आहे : एक हजार चारशे चौदा. त्यानंतर चार पावसाळे गेले. मुठे जमा झाले, टाकळा जमा झाला, चहा नावे पडला. काल संध्याकाळी मी बेरीज केली. अठराशे सहा.

तर कधी रायगडाला निघालात, नात्याला गाडी थांबवलीत, आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला कुणी न विचारता वाट सांगायला लागला, तर त्याला चहा जरूर पाजा. बिस्किटंही घ्या. पैसे मात्र रोख द्या. तुमचं खातं मी उघडणार नाही. तुमच्याकडे फक्त पैसे आहेत.